ऱ्हस्व-दीर्घ दिसेल असा टॅब

आप्पांची अट एकच होती. वेलांटी पहिली की दुसरी, हे डोळे न ताणता कळलं पाहिजे.

आप्पा म्हणजे माझे सासरे. अमळनेर तालुक्यातल्या एका हायस्कुलात त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेत, तरी बारीक टाइप वाचवत नाही. अमळनेरला १९५२ नंतर थेट २०२४च्या फेब्रुवारीत पुन्हा साहित्य संमेलन भरलं, तेव्हा पुस्तकांच्या गाळ्यांवरून ते पिशवी भरून घेऊन आले आणि त्यातली बरीचशी पुस्तकं अक्षर लहान म्हणून कपाटात गेली. भिंग वापरून पाहिलं. भिंगाखाली एका वेळी तीन-चार शब्द येतात, वाक्याचा शेवट येईपर्यंत कर्ता विसरायला होतो. फोनवर पीडीएफ मोठी करून दिली, तर ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत बसायचं आणि परत नव्या ओळीचं तोंड शोधायचं. चार पानांत कंटाळले.

टॅबचा विषय मी काढला. माझ्याही कामाचा होता, कारण मी घरीच पाचवी ते आठवीचा क्लास घेते आणि बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट मिळतात. नवऱ्याचं कृषी केंद्र. खरीप तोंडावर आलेला, म्हणजे दुकानाचा सगळा पैसा बियाण्यात. त्यामुळे पंधरा हजारांच्या वर जायचं नाही, हे बोलायचीही गरज नव्हती. आप्पांना मात्र स्वस्त टॅब म्हटलं की २०११ सालचा सरकारी ‘आकाश’ आठवतो. सात इंचांचा, २५६ एमबी रॅमचा, बोट नुसतं टेकवून न चालता दाबावं लागणारा. ‘‘तसलं काही आणू नका,’’ म्हणाले. तेव्हापासून आजपर्यंत पुलाखालून बरंच पाणी गेलंय हे त्यांना पटवण्यात एक आठवडी बाजार उलटला.

टॅबविषयी विचारलं की सगळे पहिलं बोलतात ते रॅमवर. चार जीबी की सहा, प्रोसेसर कोणता, कॅमेरा किती. आमच्या कामासाठी यातलं जवळजवळ काहीच महत्त्वाचं नव्हतं. आप्पांना गेम खेळायचे नव्हते, फोटो काढायचे नव्हते. त्यांना छापील पान पानाएवढंच दिसायला हवं होतं. मग मी सुरुवात फूटपट्टीपासून केली. आपली बहुतेक मराठी पुस्तकं डेमी आकाराची, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांची असतात. टॅबच्या जाहिरातीत मात्र कर्णाची लांबी लिहितात, त्यावरून रुंदी कळत नाही. सातवीच्या पोरांना पायथागोरस शिकवते, तो इथं कामी आला. अकरा इंची, सोळाला दहा प्रमाणाचा पडदा उभा धरला तर त्याची रुंदी पावणेसहा इंचांच्या थोडी वर येते. डेमी पान त्यात जवळपास मूळ आकारात बसतं. पावणेनऊ इंचांच्या आसपासचे जे छोटे टॅब मिळतात त्यांची रुंदी साडेचार इंच, म्हणजे तेच पान एक पंचमांशाने आक्रसणार. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याचे दोन्ही मापांचे तुकडे कापले आणि आप्पांच्या हातात दिले. छोटा हातात छान बसला, पण पुस्तकाच्या पानावर ठेवून पाहिल्यावर त्यांनी स्वतःच बाजूला केला.

आकारानंतर प्रश्न बारकाव्याचा. पडद्यावर ठिपके किती, यावर अक्षराची कड ठरते. इंग्रजी अक्षरं त्या मानाने मोकळी असतात. आपल्याकडे एका अक्षराच्या डोक्यावर रफार, अनुस्वार, मात्रा आणि पायाशी उकार, रकार, एवढं सगळं दाटीवाटीनं बसलेलं. ठिपके कमी पडले की सगळ्यात आधी अनुस्वार आणि उकार जातात. स्वस्तातल्या दहा इंची, नेमकं सांगायचं तर १०.१ इंची, टॅबमध्ये १२८० बाय ८०० ठिपके असतात. कर्ण काढून भागाकार केला की इंचाला १४९ ठिपके पडतात. पावणेनऊ इंचांच्या जवळचे १३४० बाय ८०० चे येतात, त्यांना १७९. आणि अकरा इंची १९२० बाय १२०० असेल तर २०६. कागदावरचे हे आकडे आप्पांना दाखवले तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, ‘‘आकडे राहू दे. मला ‘उद्ध्वस्त’ दाखव.’’

त्यावरून परीक्षेचं पान तयार झालं. आप्पांनी शब्द सांगितले, मी दहा पॉइंटात टाइप केले: दिन-दीन, सुत-सूत, पाणि-पाणी, उद्ध्वस्त, वाङ्मय, ज्येष्ठ, राष्ट्र, तऱ्हा. त्याच्या मागे साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या एका जुन्या पुस्तकाचं स्कॅन केलेलं पान, आणि एका वर्तमानपत्राचं ई-पान. तिन्ही एका पेनड्राइव्हमध्ये घातली. सोबत सी-पिनचा छोटा जोड घेतला, म्हणजे पेनड्राइव्ह थेट टॅबला लागतो.

मध्यंतरी नवऱ्याच्या मित्रानं ऑनलाइन एक टॅब सुचवला. पाच-साडेपाच हजारांना, दहा इंची, रॅम बारा जीबी, कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही. बारा जीबीचा उलगडा खालच्या बारीक ओळीत होता: चार अधिक आठ. खरी रॅम चार, बाकीची आठ म्हणजे साठवणुकीतलीच जागा रॅम म्हणून वापरायची. ही सोय नावाजलेल्या कंपन्याही देतात, पण ती खऱ्या रॅमएवढी वेगवान नसते आणि किंमत ठरवताना धरायची नसते. अशा अनोळखी मालासाठी दोन गोष्टी मी बघते. मागे किंवा खोक्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते कळतं. दुसरं, प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’खाली उपकरण प्रमाणित आहे की नाही ते लिहिलेलं असतं. या टॅबच्या जाहिरातीत आर-क्रमांक कुठं दिसेना, विक्रेत्याला विचारलं तर उत्तर नाही. विषय संपला.

सिमचा वाद त्यापेक्षा लांबला. नवऱ्याचं म्हणणं सिमवालाच घ्यावा, दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील. म्हणजे शेतात नेऊन ई-पीक पाहणीही, म्हणजे पिकाची सरकारी नोंद, करता येईल. मुद्दा रास्त होता. पीक पाहणीचा फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशासह जातो, आणि नुसत्या वायफायवाल्या कित्येक स्वस्त टॅबमध्ये जीपीएसच नसतो. खोक्यावर हे ठळक लिहीत नाहीत, वैशिष्ट्यांच्या यादीत शोधावं लागतं. पण ते काम त्याच्या फोनवर आजवर होत आलंय. अकरा इंची पाटी घेऊन कपाशीत कोण फिरणार? शिवाय आप्पांकडे बटणाचा फोन आहे आणि तो तसाच राहावा असं मला वाटतं. सिम नाही म्हणजे कुणी ‘मी पोलीस बोलतोय’ म्हणून टॅबवर फोन करणार नाही, ओटीपी येणार नाही, बँकेचं अ‍ॅप त्यात कधी जाणारच नाही. वायफायवाला ठरला. वाचलेल्या पैशात मेमरी कार्ड आणि कव्हर.

जळगावला आम्ही दोघंच गेलो, मी आणि आप्पा. गाडी धरणगाव, पाळधी करत जाते. खिडकी मिळाल्यामुळे आप्पा खुशीत होते. गोलाणी मार्केट म्हणजे मोबाइलवाल्यांचं मोहोळच. खालून वर जाईपर्यंत ‘काय पाहिजे ताई, काय पाहिजे’ सुरू. दुकानात मांडलेल्या सगळ्या टॅबवर कंपनीची चित्रफीत फिरत असते. समुद्र, फुलपाखरं, मोरपिसं, आणि उजेड शेवटपर्यंत वाढवलेला. त्यात कुठलाही पडदा देखणाच दिसतो. पहिल्या दुकानातल्या पोरानं पेनड्राइव्ह लावायला साफ नकार दिला. डेमोचा पीस आहे, म्हणाला. आम्ही पुढे गेलो.

दुसऱ्या दुकानाचे मालक आप्पांच्याच वयाचे. आप्पांनी विचारलं, ‘‘कितलाले शे हाऊ?’’ आणि समोरून अहिराणीतच भाव आला. मग पेनड्राइव्ह कुठं लावायचा हे त्यांनीच दाखवलं. एका ओळीत तीन टॅब ठेवून तिन्हींवर आमचं पान उघडलं. उजेड मी मुद्दाम निम्म्यावर आणला, कारण घरी आपण तेवढ्यावरच वाचतो. दहा इंचांच्या कमी ठिपक्यांच्या टॅबवर ‘उद्ध्वस्त’चा काळा गठ्ठा झाला होता. ‘सुत’ आणि ‘सूत’मधला फरक आप्पांनी बरोबर सांगितला, पण आधी वाचून मग अंदाजानं, हे त्यांनीच कबूल केलं. छोट्यावर अक्षरं रेखीव, पण लहान. अकरा इंचीवर त्यांनी स्कॅनचं पान उघडलं, चष्मा पुसला आणि वाचायलाच लागले. दुकानात, उभ्यानं. मालकांनी स्टूल दिलं. मी तेवढ्यात बाकीची चौकशी उरकली: १२८ जीबी साठवण, कार्डाची जागा आहे, एक वर्षाची वॉरंटी, सर्व्हिस सेंटर जळगावातच. सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख बघितली, ती अलीकडची होती. याच किमतीत दोन-तीन वर्षांपूर्वीचा पडून राहिलेला मालही विकायला असतो, आणि तो ओळखायची सोपी खूण म्हणजे ही तारीख.

चित्रपटाची परीक्षा लेकीच्या वतीनं घेतली. वाइडवाइन म्हणजे ओटीटीवाल्यांचं चोरी रोखणारं कुलूप. त्याची पातळी एल-१ असेल तर ओटीटीवर स्पष्ट चित्र, एल-३ असेल तर चांगल्या पडद्यावरही धूसर. एल-१ होती. लेकीला निरोप पोचवला.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मॉडेलं वर्षा-सहा महिन्यांत बदलतात आणि नावावरून घेणाऱ्याला माझ्या लिहिण्याचा उपयोग नाही. जीएसटीचं पक्कं बिल घेतलं, किंमत तेरा हजारांच्या आत बसली. ऑनलाइन सेलमध्ये हजारभर कमी पडले असते. पण ऑनलाइन कुणी ‘उद्ध्वस्त’ उघडून दाखवत नाही.

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. हा असा टॅब अर्धा किलोच्या जवळपास भरतो. दुकानात जाणवलं नाही, घरी दहा मिनिटांत आप्पांचं मनगट दुखायला लागलं. बाजारात त्यासाठी प्लॅस्टिकचे स्टँड मिळतात. आम्ही देवघरातली पोथीची ठवणी काढली. टॅब तिच्यावर असा बसला की हलतच नाही. मॅट गार्ड लावावा असं लेक म्हणाली, कारण ओसरीत बसलं की चकचकीत काचेत अख्खं अंगण दिसतं. लावून पाहिला. प्रतिबिंब गेलं, पण अक्षरांवर बारीक रवा पसरल्यासारखा दिसायला लागला. ज्या कडांसाठी एवढा खटाटोप केला त्याच बोथट झाल्या. काढून टाकला. आता आप्पा अंगणाकडे पाठ न करता तोंड करून बसतात, म्हणजे काचेत मागची भिंत येते.

आणखी एक गोष्ट त्यांना समजावताना मला घाम फुटला. सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलं की विश्वकोशाच्या संकेतस्थळावरची अक्षरं मोठी होतात, ओळीही आपोआप नीट मोडतात. मग स्कॅन केलेल्या पुस्तकाची का होत नाहीत? तर तिथं अक्षरं नाहीतच, पानाचा फोटो आहे. फोटो वाढवला की तो कडेला कापला जाणारच. त्यावर अर्धा उपाय सापडला. काही पीडीएफ अ‍ॅपमध्ये पानाचा कोरा समास कापून टाकायची सोय असते. जुन्या पुस्तकांना समास ऐसपैस असतो, तो कापला की मजकूर पडदाभर येतो, टाइप छापील पुस्तकापेक्षाही थोडा मोठाच होतो. यानंतर कपाटातल्या पुस्तकांचं नाव निघणं कमी झालं. विश्वकोश त्यांना आधीपासून जवळचा, कारण त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मूळचे आपल्या धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला आप्पा हे सांगतात. आता नोंद उघडून दाखवतात.

आमच्या गावात तारेचं इंटरनेट नाही. नवरा संध्याकाळी दुकान बंद करून आला की त्याच्या फोनचं हॉटस्पॉट चालू होतं आणि नळाला पाणी आल्यावर हंडे भरावेत तशी आमची भराभरी चालते. दुसऱ्या दिवशीच्या नोंदी, पुस्तकं, माझ्या क्लासच्या पीडीएफ. दिवसभर नेट नसल्यामुळे वाचताना वर काही टपकत नाही, आणि आप्पांना त्याची सवयही झालीय. मोठी स्कॅन पुस्तकं शंभर एमबीच्या घरात जातात. तेवढं एक उघडताना हा स्वस्त टॅब आपली किंमत दाखवतो: पान उलटलं की क्षणभर पांढरं, मग अक्षरं येतात. मी अशा पुस्तकांचे लॅपटॉपवर तीन-चार भाग करून देते. क्लासची पोरं कंटाळतात, आप्पांना घाई नसते.

मे महिन्यानं मात्र परीक्षा घेतली. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा पंचेचाळिसावर जातो, आणि पत्र्याच्या खोलीत आत त्याहून जास्त. माझा क्लास पत्र्याखाली भरतो. दुपारी टॅब तिथं चार्जिंगला लावला तर थोड्या वेळानं चार्जिंग थांबल्याची सूचना आली. बिघाड नव्हता. लिथियमची बॅटरी तापलेली असताना भरली तर तिचं आयुष्य घटतं, म्हणून आतली यंत्रणाच प्रवाह तोडते. जुनं धाब्याचं घर आम्ही पाडलेलं नाही, त्याचा आता खरा उपयोग. मातीच्या छताखाली दुपारीही गारवा असतो, आप्पा तिथंच वाचतात. चार्जिंग पहाटे. आठ हजार एमएएचची बॅटरी सोबत आलेल्या दहा वॉटच्या चार्जरनं भरायला चार तासांवर लागतात, आणि लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून आप्पा उठल्या उठल्या आधी पिन लावतात आणि मग चहा. भरलेली बॅटरी वाचनाला दोन दिवस पुरते. लेकीला सुट्टी लागली की एकच.

श्रावणात एक नवीनच काम निघालं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते. आप्पांची मोठी बहीण, आमच्या आत्या, रात्रभर कानबाईची अहिराणी गाणी म्हणतात. वहीत कुठं उतरवलेली नाहीत. आप्पांनी टॅबवर ती ध्वनिमुद्रित केली आणि लिहून काढायचं मनावर घेतलं. बोलून टाइप करायची सोय दाखवली तर भलतीच गंमत झाली. ‘‘कथा जाई ऱ्हायना’’, म्हणजे ‘कुठं चाललाय’, म्हटलं की यंत्र गोष्टीतली ‘कथा’ घेऊन बसायचं. पुढचं आपल्या मनानं. मग बोटानं लिहायचं ठरलं. कीबोर्डात मराठी हस्तलेखनाची सोय आहे, आणि स्टेशनरीच्या दुकानातल्या रबरी टोकाच्या साध्या पेननंही ते चालतं. आप्पांचं अक्षर मास्तरांचं, टॅबला लगेच कळलं. पण ‘शे’ (आहे) लिहिलं की ‘शेत’ सुचव, ‘जास’ (जातो) लिहिलं की परस्पर ‘जास्त’ कर, असं चाललं. आप्पा चिडले. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्या, आता हा माझी तपासतो म्हणाले. मी आपोआप दुरुस्ती बंद केली आणि कीबोर्डाच्या वैयक्तिक शब्दकोशात आप्पांनी सांगितलेले शब्द भरत गेले: शे, जास, मन्हा, तुन्हा, माले, तुले. ती यादी अजून वाढतेच आहे. आता ‘शे’ला तो गप्प बसतो.

गाण्यांची फाइल मी दर रविवारी पेनड्राइव्हवर उतरवून घेते, तोच परीक्षेच्या पानाचा पेनड्राइव्ह. आत्या आल्या होत्या तेव्हा आप्पांनी टॅब ठवणीवर ठेवून त्यांना त्यांचंच गाणं अक्षर मोठं करून दाखवलं. त्यांनी दोन ओळी बघितल्या, एका शब्दाला हरकत घेतली आणि टॅब बाजूला सारला. ‘‘माले काय कराना शे? सुनास्ले दे.’’ मला काय करायचंय, सुनांना दे म्हणाल्या. आणि वर कागदावर हवंय, ठळक अक्षरात, कानबाईपुढे धरता येईल असं. म्हणून हा आठवडाभर मी अठरा पॉइंटात पानं लावतेय आणि आप्पा प्रत्येक पानातली वेलांटी टॅबवर तपासून मगच झेरॉक्सच्या दुकानात पाठवू देताहेत.